आपल्या बोलीतला टीटीएस (लिहिलेलं वाचून दाखवणारा) आवाज तयार करताना नेमकं कुठं चुकतंय : रेकॉर्डिंगपासून फोनवर वाजेपर्यंत, टप्प्याटप्प्यानं

बाजारभाव, हवामान, गावातल्या सूचना असं काही वाचून दाखवणारा मराठी आवाज न्यूरल नेटवर्कनं बनवायचा म्हणून आपल्याकडं मराठवाड्यात बरेच जण हात घालायलेत. कॉलेजची पोरं आहेत, शेतकरी गटांची कामं बघणारे आहेत, एकट्यानं शिकणारे पण आहेत. आणि सगळ्यांचा प्रश्न साधारण एकच असतो, "दोन दिवस ट्रेनिंग केलं तरी आवाज रोबोटसारखा यायलाय, मॉडेल बदलू का?" फाईल मागून ऐकली की दहातल्या नऊ वेळा मॉडेलचा काही दोष नसतो. गडबड ट्रेनिंगच्या आधीच झालेली असते: चार्जर लावून केलेलं रेकॉर्डिंग, आवाजाशी न जुळणारं लिखाण, नायतर मेल स्पेक्ट्रोग्रामची (आवाजाचा तक्ता, टप्पा ६ बघा) सेटिंग दोन ठिकाणी दोन. म्हणून हा लेख क्रमानं वाचा आणि प्रत्येक टप्प्याखालची तपासणी झाल्याशिवाय पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

इथं मी दोन भागांची पद्धत धरून चालतोय. पहिला भाग फास्टपिच, म्हणजे लिखाणावरून मेल स्पेक्ट्रोग्राम काढणारं मॉडेल, आणि दुसरा हाय-फाय गॅन, म्हणजे त्या मेलवरून प्रत्यक्ष आवाजाची लाट बनवणारा व्होकोडर. व्हिट्ससारखं एकाच मॉडेलमध्ये सगळं करणारं पण आहे आणि ते चांगलं आहे, पण शिकणाऱ्यानं आधी दोन भागांचं करावं असं माझं ठाम मत आहे, कारण बिघाड कुठल्या भागात आहे ते वेगवेगळं तपासता येतं.

टप्पा १ : आधी ठरवा, मग माईक हातात घ्या

तीन गोष्टी कागदावर लिहून काढा.

पहिली, आवाज वाजणार कुठं? मोबाईल ॲपमध्ये, मंदिराच्या नायतर ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर, का साध्या फोन कॉलवर? कॉलवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो, त्यामुळं तिथं लागणारा आवाज आणि हेडफोनवर गोड वाटणारा आवाज यांत फरक पडतो. याचं पुढं टप्पा ८ मध्ये बोलू, पण ठरवायचं आत्ताच.

दुसरी, पाया कुठला? शून्यापासून ट्रेनिंग करायला एकाच माणसाचं दहा-वीस तासांचं स्वच्छ रेकॉर्डिंग हातात असावं लागतं. इंग्रजीत सगळे वापरतात तो एलजेस्पीच संच बघा, १३,१०० क्लिपा, मिळून सुमारे २४ तास. एवढं आपल्याकडं नसतं, म्हणून आधी शिकलेलं मराठी मॉडेल घेऊन त्यावर फाईन-ट्यून करायचं, म्हणजे आपल्या रेकॉर्डिंगवर त्याला थोडं जास्तीचं ट्रेनिंग द्यायचं. आयआयटी मद्रासच्या एआय४भारत गटाची फास्टपिच आणि हाय-फाय गॅनची मराठी मॉडेलं उघड्यावर उपलब्ध आहेत. मेटाच्या एमएमएस संचात पण मराठी आहे, ते व्हिट्स पद्धतीचं आणि १६,००० हर्ट्झचं, मात्र त्याचं लायसन्स बिगर-व्यावसायिक आहे, त्यामुळं विकायच्या कामात ते चालणार नाही. कुठलंही मॉडेल उतरवलं की लायसन्सची फाईल आधी वाचायची, काम संपल्यावर वाचून उपयोग नसतो.

तिसरी, आवाज कुणाचा? त्या माणसाकडून लेखी संमती घ्या आणि त्यात स्पष्ट लिहा की आवाज कशासाठी वापरणार, किती काळ, आणि नको म्हणाले तर काढून टाकणार का. आवाजाची नक्कल करून नातेवाइकांना फोन लावून पैसे उकळायचे प्रकार होत असताना हे टाळणं मला तरी मान्य नाही. घरातली आत्या असो का मित्र असो, कागद करा.

> सावधान : यूट्यूबवरून कीर्तनाचे नायतर बातम्यांचे आवाज उचलून ट्रेनिंग करू नका. परवानगी नाही हे तर आहेच, शिवाय मागं टाळ, संगीत, हॉलचा घुमारा असतोय आणि मॉडेल तो सगळा शिकतंय.

टप्पा २ : वाचायची वाक्यं तयार करणं

लोक इथं वर्तमानपत्राचा अग्रलेख उचलून वाचायला देतात आणि मग आवाज भाषण केल्यासारखा येतो. मॉडेल त्याला दिलेल्या वाक्यांचीच लय शिकतंय, त्यामुळं शेवटी जे वाचायचंय तसलीच वाक्यं लिहा. "आज लातूरला सोयाबीनची आवक वाढलीय." "परभणीकडं दुपारनंतर पाऊस यायलाय, फवारणी उद्यावर ढकला." अशी, बोलल्यासारखी, आठ ते पंधरा शब्दांची.

हिशोब सोपा आहे. एक वाक्य सरासरी ६ सेकंदांचं धरलं तर ६०० वाक्यांचा बरोबर एक तास होतो. फाईन-ट्यूनसाठी एक ते दोन तास एवढं पुरतंय, पण ते स्वच्छ पाहिजे. दहा तास खराबपेक्षा एक तास स्वच्छ कधीही बरं.

वाक्यांमध्ये काय काय आलंच पाहिजे:

१ ते १०० पर्यंतचे सगळे आकडे, वाक्यात गुंफून. मराठीत एकोणसाठ, एकोणसत्तर, पंचेचाळीस, पंचावन्न हे प्रत्येक शब्द वेगळे आहेत, इंग्रजीसारखं वीस अधिक एक करून जमत नाही. भाव सांगायचा असेल तर हे सगळ्यांत महत्त्वाचं.

सव्वा, दीड, अडीच, साडे, पावणे. "साडेचार हजार", "पावणेपाच हजार" असं आपला माणूस बोलतो.

मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांची आणि तालुक्यांची नावं. अंबाजोगाई, गंगाखेड, औंढा नागनाथ, भोकरदन, किनवट, उदगीर, कळंब, पैठण. गावाचं नाव चुकीचं उच्चारलं की ऐकणाऱ्याचा पूर्ण आवाजावरचाच विश्वास उडतो.

च, ज, झ यांचे दोन्ही उच्चार. "कडब्याच्या चार पेंढ्या" मधला चार आणि "जनावरांचा चारा" मधला चारा, लिहायला च एकच पण उच्चार दोन. चाक आणि चाकू तसंच. जग म्हणजे दुनिया आणि जगणं मधलं जग, तेही तसंच. असे शब्द भरपूर ठेवा, नायतर मॉडेल अंदाजानं काहीही बोलतंय.

प्रश्न आणि लांब वाक्यं पण थोडी ठेवा. सगळी विधानं असली की प्रश्नाला स्वर वर जातच नाही.

> तपासणी : सगळ्या वाक्यांतली अक्षरं छोट्या स्क्रिप्टनं मोजा. ञ, ङ सोडले तर कुठलंही अक्षर किंवा मात्रा वीसपेक्षा कमी वेळा आली असेल तर तिच्यासाठी वाक्यं वाढवा. ढ, झ, ऑ, ॲ हे नेहमी कमी पडतात.

टप्पा ३ : रेकॉर्डिंग

पहाटे नायतर रात्री उशिरा करा. दिवसा बोअरची मोटर, कुलर, पंखा, रस्त्यावरचा ट्रॅक्टर, काही ना काही असतंच. खोलीत कपड्यांचं कपाट असेल तर ते उघडून त्याच्याकडं तोंड करून बसा, भिंतींवर वाकळा टांगा, फरशीवर सतरंजी टाका. खोलीचा घुमारा नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरनं नीट जात नाही.

साधा यूएसबी कंडेन्सर माईक पुरेसा आहे. तोंडापासून एक वीत अंतर, आणि माईक तोंडासमोर सरळ न धरता थोडा बाजूला, म्हणजे प, फ, भ म्हणताना हवेचा फटका बसत नाही. अंतर रोज तेच राहिलं पाहिजे, टेबलावर चिकटपट्टीनं खूण करून ठेवा.

सेटिंग: ४४,१०० किंवा ४८,००० हर्ट्झ, २४ बिट, मोनो, वेव्ह फाईल. सगळ्यांत मोठ्या आवाजाला मीटर उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये राहू द्या. शून्याला टेकला की लाटेचं डोकं कापलं जातं आणि ते परत येत नाही. माईकचं किंवा फोनचं ऑटो गेन, नॉइज रिडक्शन हे सगळं बंद.

आता आपल्याकडची खास अडचण. बऱ्याच घरांत अर्थिंग नीट नसतं, आणि चार्जर लावून लॅपटॉपवर रेकॉर्डिंग केलं की ५० हर्ट्झची घुंई त्यात येते, सोबत तिच्या पटीतले १००, १५०, २०० हर्ट्झ पण. कानाला ती फारशी जाणवत नाही. पण पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्येच असतो, म्हणजे घुंईचे १०० आणि १५० नेमके त्यातच बसतात, आणि फास्टपिचला लागणारा पिच (स्वराची उंची) काढणारा प्रोग्राम कधी कधी माणसाचा स्वर सोडून घुंईलाच धरतो. मग तयार आवाज मधेच एकसुरी व्हायला लागतो आणि कारण कुणालाच सापडत नाही. उपाय एकच, चार्जर काढा, बॅटरीवर रेकॉर्ड करा, इन्व्हर्टर चालू असताना करू नका.

रोज सुरुवातीला अर्धा मिनिट कुणीही न बोलता खोलीची शांतता रेकॉर्ड करा. आणि एका बैठकीत तासाच्या वर वाचू नका, घसा बसला की आवाजाचा पोत बदलतो आणि मॉडेलला एकाच माणसात दोन माणसं दिसतात.

> तपासणी : ती अर्ध्या मिनिटाची शांतता ऑडॅसिटीत (आवाजाच्या फाईली बघायचा प्रोग्राम) उघडा. पातळी उणे ६० डेसिबलच्या आसपास किंवा खाली पाहिजे. स्पेक्ट्रममध्ये ५० हर्ट्झवर टोकदार शेंडा दिसला तर थांबा, वायर शोधा, त्या दिवशीचं रेकॉर्डिंग वापरू नका.

> सावधान : व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटवर आवाज मागवू नका. ती दाबलेली फाईल असते, तिला वेव्ह केलं तरी उडालेलं काही परत येत नाही, नुसता आकार वाढतो. एमपी३ चंही तेच.

टप्पा ४ : कापणं आणि साफसफाई

क्रम महत्त्वाचा आहे, उलटसुलट करू नका. आधी वाक्यावाक्यानं कापा, मग ७० हर्ट्झच्या खालचं काढणारा हाय-पास फिल्टर, मग सॅम्पल रेट (एका सेकंदात लाटेची किती मोजमापं, म्हणजे सॅम्पलं, घेतली तो आकडा) बदलून मॉडेलच्या रेटला आणा, मग आवाजाची पातळी सारखी करा, शेवटी १६ बिट वेव्ह.

क्लिप २ ते १० सेकंदांची ठेवा. अगदी छोट्या क्लिपांनी एक गंमतीदार दिसणारा पण वैताग आणणारा बिघाड होतो: हाय-फाय गॅन ट्रेनिंगला प्रत्येक क्लिपमधून ८१९२ सॅम्पलचा तुकडा उचलतो, म्हणजे २२,०५० हर्ट्झला साधारण ०.३७ सेकंद. त्याहून छोट्या क्लिपला मागं शून्यं जोडली जातात आणि मॉडेलला नुसती शांतता शिकवली जाते. चुकून कापलेले असले तुकडे शोधून काढून टाका.

सुरुवातीला आणि शेवटी ०.१ ते ०.२ सेकंद शांतता ठेवा, सगळ्या क्लिपांत सारखीच. ऑटोमॅटिक कापणारं वापरलं तर उंबरठा जास्त ठेवू नका, कारण "हवामान" मधला ह, "सोयाबीन" मधला स आणि वाक्याच्या शेवटचा "आहे" हे हळू असतात आणि तेच आधी कापले जातात. मग तयार आवाज शब्द गिळतो, आणि आपण मॉडेलला नावं ठेवतो.

सॅम्पल रेट एकदाच बदला आणि सॉक्स किंवा एफएफएमपेगसारख्या नीट रिसॅम्पलरनं बदला. पायथनमध्ये एक सोडून एक सॅम्पल उचलायची शॉर्टकट कुणीतरी शिकवलेली असते, ती करू नका, वरच्या फ्रीक्वेन्सी खाली दुमडून येतात आणि स, श च्या मागं किरकिर ऐकू येते.

पातळी सारखी करताना नुसतं टोक बघून चालत नाही, एका टाळीसारख्या प मुळं अख्खी क्लिप हळू राहते. लाउडनेस मोजून करा, उणे २३ एलयूएफएस (लाउडनेस मोजायचं एकक) ठीक आहे.

आता डिनॉइज. आरएनएनॉइज, डीपफिल्टरनेट हे न्यूरल नेटवर्कवालेच आवाज-सफाईचे प्रकार आहेत आणि फोन कॉलसाठी, मीटिंगसाठी ते लई कामाचे. पण ट्रेनिंगच्या डेटावर ते सरसकट फिरवू नका. गोंगाट काढताना ते व्यंजनांच्या कडा खातात, श्वासाच्या जागी पाण्याखालून आल्यासारखा आवाज सोडतात, आणि आपलं मॉडेल तोच पोत अगदी निष्ठेनं शिकतं. क्लिप खराब असेल तर टाकून द्या, वाक्य परत वाचून घ्या.

टप्पा ५ : लिखाण आणि आवाज जुळवणं

माझ्या मते सगळ्या कामाचं निम्मं यश इथं आहे आणि लोक इथंच सगळ्यांत कमी वेळ देतात.

नियम एक: जे बोललं गेलं तेच लिहा. वाचणाऱ्यानं कागदावरच्या "पाऊस येत आहे" ला "पाऊस यायलाय" म्हटलं असेल तर लिखाण बदला. बोलणाऱ्याला दुरुस्त करू नका, त्याच्या बोलण्यातली मोकळीक जाते.

मग पाणीला "पानी" म्हणणाऱ्याचं काय करायचं? बोलणारा कायम ण चा न करत असेल तर लिखाणात पाणी ठेवलं तरी चालतंय, मॉडेल शिकतं की या माणसाचा ण असा आहे. अडचण तेव्हा येते जेव्हा तो अर्ध्या वेळा पाणी म्हणतो आणि अर्ध्या वेळा पानी. मग ज्या क्लिपात पानी म्हटलंय तिथं पानीच लिहा. ळ आणि ल चं पण असंच.

नियम दोन: आकडे, संक्षेप सगळं अक्षरात. "४,२५०" हे "चार हजार दोनशे पन्नास" की "सव्वाचार हजार", जे म्हटलंय ते लिहा. "१७/९/१९४८" हे "सतरा सप्टेंबर एकोणीसशे अठ्ठेचाळीस". रु., क्विं., मि.मी., डॉ. हे पण उलगडून. आणि आकड्याचं अक्षरात करणारा जो कोड नंतर चालू वापरात लावणार तोच आत्ता पण वापरा. ट्रेनिंगला एक आणि वापराला दुसरा कोड असला की आवाज नेमका भावाच्या आकड्यावर अडखळतो.

नियम तीन: युनिकोड, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेला क्रमांक. हे डोळ्यांना दिसत नाही म्हणून सांगतोय. सगळं लिखाण एनएफसी (युनिकोडचं एक प्रमाण रूप) रूपात आणा, पण तेवढ्यानं भागत नाही. "ॲ" तीन प्रकारे टाईप होतो, एक अखंड अक्षर, एक अ वर चंद्र देऊन, आणि एक हिंदी कीबोर्डचा ऍ, आणि एनएफसी त्यांना एक करत नाही. स्वतः नियम लिहून एकाच रूपात आणा, नायतर मॉडेलला ती तीन वेगळी चिन्हं वाटतात.

दुसरी गोष्ट, "अदृश्य जोडणी चिन्हं काढून टाका" असा सल्ला हिंदीवाले देतात. मराठीत तो डोळे झाकून पाळला की "दऱ्या" चा "दर्या" होतो. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, दर्या म्हणजे समुद्र, उच्चार पण वेगळा. आधी र, हलन्त आणि जोडणी चिन्ह हा संच शोधून त्याच्या जागी ऱ आणि हलन्त टाका, त्यानंतर मग उरलेली अदृश्य चिन्हं काढा.

आणि च-ज-झ चं. तुमचं पायाभूत मॉडेल अक्षरांवर शिकलेलं आहे का ध्वनींवर ते बघा. अक्षरांवर असेल तर चारा, चाक असल्या शब्दांत च खाली नुक्ता देऊन लिहायची युक्ती कामी येते. फक्त नुक्ता मॉडेलच्या अक्षरयादीत आहे का ते बघावं लागतं, नसेल तर यादीच्या शेवटी जोडा. मधे घुसवलात तर पुढच्या सगळ्या अक्षरांचे क्रमांक सरकतात आणि मॉडेल बडबडायला लागतं. ध्वनींवर असेल तर ई-स्पीकसारख्या प्रोग्रामनं काढलेले उच्चार शंभर शब्दांवर स्वतः वाचून तपासा, आंधळा विश्वास नको.

> तपासणी १ : प्रत्येक क्लिपची लांबी भागिले अक्षरसंख्या काढा, क्रम लावा. दोन्ही टोकांच्या तीस-तीस क्लिपा ऐका. शब्द सुटलेल्या, दोनदा वाचलेल्या क्लिपा तिथंच सापडतात.

> तपासणी २ : सगळ्या क्लिपांवर व्हिस्पर (बोललेलं ऐकून लिहून देणारं मॉडेल) चालवून त्याचं लिखाण आणि तुमचं लिखाण यांतला फरक मोजा, सगळ्यांत जास्त फरकाच्या क्लिपा ऐका. व्हिस्परचं लिखाण थेट ट्रेनिंगला वापरू मात्र नका, बोली आली की ते प्रमाण मराठीत वळवतं आणि शांत जागी नसलेली वाक्यं पण घुसडतं.

टप्पा ६ : मेलची सेटिंग आणि उलटी चाचणी

मेल स्पेक्ट्रोग्राम म्हणजे आवाजाचे छोटे छोटे तुकडे करून प्रत्येकात कुठल्या पट्टीत किती ताकद आहे याचा तक्ता. नेहमीची सेटिंग अशी: २२,०५० हर्ट्झ, एफएफटी १०२४, विंडो १०२४ (एका तुकड्यातली सॅम्पलं), हॉप २५६ (पुढचा तुकडा किती सॅम्पलांनी सरकतो), ८० मेल पट्ट्या, ० ते ८००० हर्ट्झ. हॉप २५६ म्हणजे एका सेकंदाला सुमारे ८६ चौकटी, एक चौकट ११.६ मिलिसेकंदांची.

फास्टपिच आणि हाय-फाय गॅन दोघांत हे सगळे आकडे जसेच्या तसे जुळले पाहिजेत. एकाच्या फाईलमध्ये वरची मर्यादा ८००० आणि दुसऱ्यात रिकामी, म्हणजे ११,०२५, असली तरी प्रोग्राम काही तक्रार करत नाही, तक्त्याचा आकार तोच राहतो ना, पण आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. लॉगॅरिदम नैसर्गिक का दहाच्या पायाचा, हे पण बघा. आणि १६,००० हर्ट्झचा आवाज २२,०५० समजून वाजवला तर तो जवळपास १.३८ पट वेगानं आणि तेवढाच वरच्या पट्टीत वाजतो, बाईमाणसाचा आवाज लहान लेकरासारखा यायलाय असं कुणी सांगितलं की आधी हेच बघायचं.

आता उलटी चाचणी, हिला कॉपी सिंथेसिस म्हणतात. तुमच्या वीस मूळ क्लिपा घ्या, त्यांचा मेल काढा, तो मेल तुमच्या आवाजावर अजून फाईन-ट्यून न केलेल्या, आधी शिकलेल्या तयार हाय-फाय गॅनला द्या आणि बाहेर आलेला आवाज मूळ आवाजाशेजारी ठेवून ऐका. दहा मिनिटांचं काम आहे आणि लोक हेच सोडतात.

आवाज जवळपास मूळासारखा आला तर सेटिंग बरोबर. थोडा खरखरीत पण माणूस ओळखू येतोय, तर व्होकोडरला हा आवाज नवा आहे, पुढं फाईन-ट्यूननं सुधारेल. शिट्टी, धातूचा नाद, पट्टी बदललेली असेल तर सेटिंग जुळत नाही, इथून पुढं जाऊच नका. महिनाभर ट्रेनिंग केलं तरी ते दुरुस्त होणार नाही.

टप्पा ७ : ट्रेनिंग

क्रम: आधी फास्टपिच, नंतर हाय-फाय गॅन.

पाच टक्के वाक्यं बाजूला काढा. शिवाय डेटात कुठंच नसलेली दहा वाक्यं लिहून ठेवा, त्यात दोन भावाची, दोन गावांच्या नावांची, एक प्रश्न. दर हजार स्टेपला (एक स्टेप म्हणजे मॉडेलची एक दुरुस्ती) तीच दहा वाक्यं बनवून ऐकायची, त्यामुळं सुधारणा का घसरण ते कानाला कळतं.

सगळा डेटा लावायच्या आधी फक्त दहा क्लिपांवर ट्रेनिंग चालवा. मॉडेलनं त्या दहा क्लिपा जवळपास पाठ केल्या पाहिजेत. दहाच क्लिपा पण पाठ होत नसतील तर अक्षरयादी, फाईलचे पत्ते, नायतर पिच यांत गडबड आहे.

फाईन-ट्यूनला लर्निंग रेट (प्रत्येक स्टेपला मॉडेल किती बदलायचं तो आकडा) कमी ठेवा. शून्यापासूनच्या ट्रेनिंगला हाय-फाय गॅन ०.०००२ वापरतो, तुम्ही त्याच्या पाचव्या ते दहाव्या हिश्शानं सुरू करा. मोठा ठेवला तर पायाभूत मॉडेलनं शिकलेली मराठीच पुसली जाते. लॉस (मॉडेलच्या चुकीचं माप) एकदम बिनआकडी, म्हणजे NaN, झाला तर आधी रिकामी क्लिप शोधा, मग अर्ध्या अचूकतेची (fp16) सेटिंग बंद करून बघा.

फास्टपिच झालं की त्याच्याकडून सगळ्या ट्रेनिंग वाक्यांचे मेल काढून घ्या, मूळ आवाजाच्या वेळेशी जुळवलेले, आणि हाय-फाय गॅनला त्या मेलवर फाईन-ट्यून करा. व्होकोडरला प्रत्यक्षात फास्टपिचचेच, थोडे गुळगुळीत मेल मिळणार आहेत, मूळ आवाजाचे नाहीत, म्हणून त्याची सवय त्याला लावायची.

इथली नेहमीची चूक: हाय-फाय गॅनच्या तयार मॉडेलला दोन फायली असतात, जी ने सुरू होणारी जनरेटरची, म्हणजे आवाज बनवणाऱ्या विद्यार्थ्याची, आणि डीओ ने सुरू होणारी डिस्क्रिमिनेटरची, म्हणजे आवाज खरा का बनवलेला ते ओळखणाऱ्या परीक्षकाची. लोक फक्त पहिली उतरवतात. मग परीक्षक कोरा आणि विद्यार्थी शिकलेला अशी अवस्था होते, आणि चांगला असलेला आवाज पहिल्या काही हजार स्टेपातच बिघडतो. दोन्ही फायली घ्या.

गॅनचा लॉस सरळ खाली येत नाही, वरखाली होतच राहतो, त्याला घाबरून थांबवू नका. मेल लॉस आणि ती दहा वाक्यं, या दोन्हींवरून ठरवा.

फुकटच्या कोलॅबवर (गूगलचं इंटरनेटवरचं मशीन) मधेच सत्र तुटतं, घरच्या मशीनवर लाईट जाते. चेकपॉइंट (तोपर्यंत शिकलेल्या मॉडेलची जपून ठेवलेली फाईल) दर अर्ध्या तासाला ड्राइव्हवर जाऊ द्या, आणि सुरुवातीलाच एकदा मुद्दाम बंद करून तिथूनच परत सुरू होतंय का ते बघून घ्या.

टप्पा ८ : जिथं वाजणार तिथं तपासणं

हेडफोनवर ऐकून पास करू नका. कॉलसाठी असेल तर आवाज ८,००० हर्ट्झला उतरवा, ए-लॉमध्ये (फोन कॉलचं दाबलेलं रूप) बदला आणि साध्या बटनाच्या फोनवर ऐका. स ची बरीचशी ताकद ४००० हर्ट्झच्या वर असते, ती कॉलवर पोचतच नाही, त्यामुळं स आणि फ ची गफलत तिथं जास्त होते, आणि सात-साठ सारखे जवळचे आकडे पण तिथं नीट कळत नाहीत. उपाय व्होकोडरमध्ये नाही, वाक्यात आहे: वेग थोडा कमी करा, आकड्याच्या आधी स्वल्पविराम टाका, भाव दोनदा सांगा, एकदा "साडेचार हजार" आणि एकदा "चार हजार पाचशे".

ऐकणारे पण योग्य निवडा. गावाकडचे दादा, मावशी, ज्यांच्यासाठी हे करायलोय तेच. "आवाज कसा वाटला" असं विचारलं की आपली माणसं "चांगलाय की" म्हणून मोकळी होतात. त्यापेक्षा कॉल ऐकवा आणि विचारा, "मावशी, तुरीचा भाव किती सांगितला? कुठल्या गावचा?" उत्तर चुकलं तर ती वाक्यं लिहून घ्या.

चुकलेल्या शब्दांची यादी तीन ढिगांत वाटा. आकडा किंवा संक्षेप चुकला तर टप्पा ५ मधला कोड दुरुस्त करायचा, परत ट्रेनिंग नको. एखाद्या गावाचं नाव चुकलं तर आधी नुक्ता देऊन नायतर उच्चाराप्रमाणं लिहून बघा, बहुतेक वेळा तेवढ्यानं सुटतं. आणि एखादा ध्वनीच कायम चुकत असेल, उदाहरणार्थ सगळीकडचा झ, तर त्या ध्वनीची चाळीस-पन्नास नवी वाक्यं त्याच माणसाकडून, त्याच खोलीत, माईकची तीच खूण धरून वाचून घ्या, टप्पा ४ पासून पुढं न्या, आणि शेवटच्या चेकपॉइंटवरूनच थोडं ट्रेनिंग वाढवा.